केसरनं दुसऱ्यांदा विचारलं नाही

रविवार, १ फेब्रुवारी २०२६

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी केसर नावाच्या नावाडणीनं मला नदीकाठी उभं केलं आणि ती आपली होडी घेऊन निघून गेली. वेळ अचूक आहे. टॅबलेटच्या कोपऱ्यात दिसते.

केसर खरी नाही. इतकं माझं डोकं अजून गेलेलं नाही. ती एका खेळातली आहे. हा खेळ काल अहिल्येनं मला घालून दिला. अहिल्या म्हणजे शाळेपासूनची मैत्रीण. इथे झाशीत सिव्हिल लाइन्समध्येच राहते आणि स्वतःला आधुनिक समजते. टॅबलेट दिवाळीत सुनेनं, म्हणजे रोहिणीनं दिला होता. आजवर मी त्यावर फक्त पंचांग पाहत असे.

खेळात आपण एक बोचकं घेऊन अनोळखी गावात उतरतो आणि तिथे राहून दाखवायचं असतं. उतरल्याबरोबर ही केसर म्हणाली, "जिज्जी, नाव में बैठ जाओ, घर तक छोड़ दूँ?" खाली दोन चौकोन. "हाँ, चलो" आणि "नहीं, रहने दो."

पहिल्या विचारण्याला हो कोण म्हणतं? घरी आईनं तेच शिकवलं आणि कॉन्व्हेंटात सिस्टरांनीही तेच शिकवलं. ताटलीकडे पहिल्यांदाच हात नेणारी मुलगी हावरी दिसते. मी "नहीं, रहने दो" दाबलं आणि हनुवटीला हात लावून तिच्या दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत बसले. बाईनं वल्हं मारलं आणि गेली. मला वाटलं, वळसा घालून येईल. माझा चहा गार झाला. एकोणतीस वर्षं मुलींच्या कॉलेजात शिस्त लावली, आणि आज काचेवरच्या रंगीत नदीकडे बघत "अगं ये की परत" असं मी मोठ्यानं म्हणाले. कामवाली पुष्पा झाडू थांबवून बघत होती.

सकाळ तशी विचारण्याचीच होती. त्याआधी नऊच्या सुमारास रोहिणीचा भोपाळहून फोन आला. "आई, आम्ही नवीन फ्लॅट घेतोय. एक टू बीएचके आहे, एक थ्री. तुम्ही कायमच्या आमच्याकडे येणार असाल तर थ्री घेऊ. याल?"

"नको गं, कशाला," मी म्हटलं. "माझं इथे बरं चाललंय."

"बरं आई," ती म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

सही शनिवारी अठ्ठावीस तारखेला आहे. म्हणजे भरपूर वेळ आहे. संध्याकाळी पुन्हा विचारेलच.


सोमवार, २ फेब्रुवारी

संध्याकाळी फोन आला नाही. कामात असेल.

खेळात मात्र कौतुक झालं. बोचकं घेऊन पायी घरी पोचले तर पडद्यावर सोनेरी अक्षरं आली, "आप खुद्दार हैं." खुद्दार म्हणजे स्वाभिमानी. मला फार बरं वाटलं. या घरात आमचे हे, मधुसूदनराव, गेल्यानंतर माझ्याबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. पुष्पालाही दाखवलं. ती म्हणाली, "दीदी, ये तो हमें पहले से पता था." तिच्या स्वरात कौतुक होतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.


शनिवार, ७ फेब्रुवारी

अहिल्या आपला टॅबलेट घेऊन आली. तो तिनं माझ्या टॅबलेटशेजारी असा ठेवला, जणू आम्ही मुली बघायला बसलो आहोत.

खेळ तोच, गाव तेच, नदीही तीच. पण तिच्या अंगणात चार बायका मटार सोलत बसलेल्या, दारात बकरी, छपरावर दुधी. माझ्या अंगणात मी. माझी झोपडी मी स्वतः शाकारली, विहीर स्वतः उपसली, आणि रस्त्यानं जाणारे लोक मला लांबूनच नमस्कार करतात. तिच्या गावातले लोक तिला नमस्कार करत नाहीत. ते सरळ आत येतात.

"तू कुठे चुकवलंस गं?" अहिल्येनं विचारलं.

"मी काही चुकवलेलं नाही. तुझा खेळ सोपा असेल."

"एकच आहे, प्रमोदिनी. केसरच्या होडीत बसलीस का?"

"तिनं एकदाच विचारलं."

"मग?"

"मग काय मग? मी नको म्हटलं. तिनं पुन्हा विचारायला नको?"

अहिल्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं, ते मशीन आहे! मशीन काय तुझ्या पानावर तिसरी पोळी वाढायला वाकणार आहे? एकदा नहीं दाबलंस, त्यानं लिहून घेतलं, ही बाई कोणाचं घेत नाही. आता सगळं गाव तसंच वागणार तुझ्याशी. माझा नातू पार्थ सांगत होता, पहिल्या दहा मिनिटांतच ठरतं सगळं."

"आणि तू? तू पहिल्यांदाच हो म्हणालीस?"

"माझे गुडघे दुखतात," अहिल्या म्हणाली. "होडी दिसली, मी बसले."

ती शाळेतही अशीच होती. दुसऱ्यांच्या डब्यातलं पहिल्या हाकेला खायची. सिस्टरांना ती हावरी वाटायची. आज तिच्या दारात बकरी आहे.


मंगळवार, १० फेब्रुवारी

शेवटी मीच फोन केला. निमित्त काढलं, बरुआसागरचं ताजं आलं आलंय, कोणी भोपाळकडे येणारं असेल तर पाठवते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"फ्लॅटला ऊन येतं का गं?"

"येतं ना आई. टू बीएचकेला पूर्वेचं ऊन आहे."

"आणि... दुसऱ्याला?"

"थ्रीला? त्यालाही आहे. पण तो आता कशाला बघायचा."

"नाही, आपलं सहज. तळमजल्यावर आहे का तो?"

"हो. टू चौथ्यावर आहे. लिफ्ट आहे म्हणा."

"लिफ्ट बंद पडते पुष्कळदा."

"आम्हाला चालेल चढायला, आई."

आम्हाला. मी म्हटलं, "हो, तुम्ही तरुण आहात." मग ती जे म्हणाली ते मी इथे जसंच्या तसं उतरवते. "तुम्ही त्या दिवशी नको म्हणालात ना, तेव्हाच मी सलीलला सांगितलं, आईंना आता परत परत विचारून त्रास द्यायचा नाही."

त्रास!

फौजी घरातली मुलगी आहे, त्यात तिचा दोष नाही. वडील बबीन्याला सुभेदार होते. आम्ही झाशीचे जुने मराठी लोक तिकडच्या छावणीतल्या मराठी लोकांना मराठीच समजतो, आणि तिथेच फसतो. साखरपुड्याला बबीन्याला गेलो होतो. तिच्या आईनं श्रीखंडाची वाटी पुढे केली. मी "नको, नको" म्हटलं. त्यांनी "बरं" म्हणून वाटी उचलली आणि आत नेली! मग पुऱ्या आल्या, मी नको म्हटलं, त्याही गेल्या. त्या घरात विचारणं म्हणजे विचारणं आणि उत्तर म्हणजे हुकूम. मधुसूदनराव नको म्हणायला विसरले म्हणून पोटभर जेवले. मी नऊवारी शालू नेसून झाशीच्या बस अड्ड्यावर उभ्यानं तीन समोसे खाल्ले, आणि वरून मुलीकडच्यांना नावं ठेवली.

उलट रोहिणी लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा मी विचारलं, पोहे घेतेस? तर म्हणाली, "हो, द्या ना." माझ्या सासूबाई दोन दिवस तेच बोलत होत्या.


गुरुवार, १२ फेब्रुवारी

कोणी विचारलं नाही. नदीवरही नाही, फोनवरही नाही.


रविवार, १५ फेब्रुवारी. महाशिवरात्र

खेळातही आज जत्रा होती. पैलतीरावर दिवे लागले, ढोल वाजले. माझ्या काठावरून फक्त दिसत होतं. केसरची होडी भरभरून गेली आणि भरभरून आली. मी घाटावर उभी राहून हात हलवला. हात हलवायचं बटण आहे. तिनंही हलवला आणि पुढे गेली. मी उपासाची साबुदाण्याची खिचडी खात हे पाहिलं आणि मला शुद्ध संताप आला. तो माणसांच्या जगातला संताप होता. रंगीत चित्रावर इतका वाया घालवणं बरं नव्हे, म्हणून मी खेळाच्या कंपनीला ईमेलवर पत्र लिहिलं. इंग्रजीत, सिस्टरांनी शिकवलेल्या पद्धतीनं, परिच्छेद पाडून.

मुद्दे असे: एक, पहिल्याच मिनिटाला, माणूस अजून चपला काढत असताना विचारलेला प्रश्न निर्णायक धरणं असभ्य आहे. दोन, निर्णायक आहे हे आधी सांगितलेलं नव्हतं. तीन, जगात एकदाच कोणी विचारत नाही. चार, केसरला परत पाठवण्यात यावं. लेखी उत्तर तीन दिवसांत.

तिसरा मुद्दा लिहिताना बोट थोडं थांबलं. पण मुद्दे चार असले की पत्र भारदस्त दिसतं, म्हणून ठेवला.


बुधवार, १८ फेब्रुवारी

उत्तर आलं. पराग नावाच्या कोणीतरी लिहिलंय. शेवटी एक हसरं पिवळं तोंडही आहे, ते मी माफ केलं.

तो लिहितो की मुद्दाम तसंच ठेवलंय. सुरुवातीच्या काही मिनिटांत खेळ आपल्याला पाहतो. आपण कोणाची मदत घेतो, कोणाला दार उघडतो, कोणाला थांबायला सांगतो. त्यावरून तो आपली एक समजूत करून घेतो आणि पुढचं गाव त्या समजुतीवर बांधतो. पुढे आपण काही वेगळं केलं तरी तोवर भिंती चढलेल्या असतात. म्हणून एकाच गावात कोणाला सोबती मिळतात, कोणाला मान मिळतो. त्याच्या मते मान मिळणं हाही चांगला खेळ आहे.

इतक्या थोड्या वेळात! मधुसूदनरावांना पूर्ण संसार करूनही माझी समजूत करून घेता आली नव्हती.

आणि पुढे जे लिहिलंय ते वाचून मी चष्मा पुसला. आधी केसर दुसऱ्यांदाही विचारायची. तिसऱ्यांदाही. पण ज्यांनी खेळून पाहिलं त्या पहिल्या लोकांनी तक्रार केली, की नाही म्हटल्यावरही ही बाई मागे लागते, आमच्या उत्तराचा मान ठेवत नाही. म्हणून काढून टाकलं.

म्हणजे केसर मला विसरली नव्हती. ती माझा मान ठेवत होती. असला मान त्यांनी आपल्या पिवळ्या तोंडाला लावून घ्यावा.

केसरला परत पाठवता येणार नाही, असं तो म्हणतो. नव्यानं सुरुवात करता येईल.


शुक्रवार, २० फेब्रुवारी

नव्यानं सुरुवात केली. बोचकं, घाट, केसर. "जिज्जी, नाव में बैठ जाओ, घर तक छोड़ दूँ?"

माझ्या अंगठ्यानं "नहीं, रहने दो" दाबलं.

मी शपथेवर सांगते, मी दाबलं नाही. अंगठ्यानं दाबलं. मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. पुन्हा सगळं पुसून सुरुवात केली. केसरनं विचारलं, आणि या वेळी तोंडातूनही "नको गं, कशाला" निघालं. अगदी त्याच सुरात. पुष्पा म्हणाली, "दीदी, हम दबा दें?" मी म्हटलं, "नको." मग अहिल्येला बोलावलं. तिनं माझं मनगट धरलं, टोचायला आलेल्या नर्सनं धरावं तसं, आणि माझंच बोट "हाँ, चलो"वर नेऊन टेकवलं.

होडीत बसले. पैलतीर जवळून पाहिला. विशेष काही नाही, एक चिंच आणि काही घरं. मी बराच वेळ बघत होते.


रविवार, २२ फेब्रुवारी

"हाँ"चा खेळ माझ्याच्यानं होईल असं दिसत नाही. केसर रोज येते. न सांगता येते. माझ्या चुलीपाशी बसते, माझं मीठ नेते, माझ्या कोंबड्यांना भलतंच खायला घालते. मी अहिल्येला म्हटलं, या बाईला काही रीतभात नाही. अहिल्या म्हणाली, "आता ती तुझी झाली ना, म्हणून."

आणि आज केसरनं मला विचारलं. "जिज्जी, मैं कुछ दिन उस पार रहूँगी. बिटिया को अपने पास रख लोगी?"

पहिल्या खेळात मी नुसती मदत नाकारली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. तिथे मला कोणी कधी काही मागितलंही नव्हतं. जिला काही घेता येत नाही, तिच्याकडे कोण काय मागणार? माझं गाव मला नमस्कार करत होतं, आणि मला वाटत होतं की ते माझ्यावाचून अडलंय.

खाली दोन चौकोन होते. बिटियाचं तोंड मळलेलं होतं, वेणी सुटलेली. मी "हाँ" दाबलं. पहिल्या फटक्यात, कोणी मनगट न धरता. मग उठून तोंडावर पाणी मारलं, कारण डोळ्यांवर ताण येतो या टॅबलेटनं.


मंगळवार, २४ फेब्रुवारी

सलीलचा फोन. मुलगा आहे म्हणून सरळ विचारलं.

"काय रे, फ्लॅटचं ठरलं?"

"हो, टू बीएचके. शनिवारी अकराला सही. का गं?"

"काही नाही. तो थ्रीचा गेला का कोणाकडे?"

"अजून नाही. बिल्डर शनिवारपर्यंत थांबलाय. आई, तुला यायचंय का?"

तो असं विचारतो. जसं कोणी विचारावं, दूध संपलंय का. मी म्हटलं, "मी कशाला येऊ? मला काय कमी आहे इथे?"

"तेच मी रोहिणीला म्हणालो होतो. थ्रीचं सगळं तिच्याच डोक्यात होतं. आई झाशी सोडणार नाही म्हणून मी आधीच सांगितलं होतं, तरी म्हणाली, मी स्वतः विचारते. दोन दिवस जुळवत होती कसं विचारायचं ते. तू नाही म्हणालीस तर जरा... असो. मार्चपासून तिचं ऑफिसही रोजचं होतंय, घरून काम बंद. पार घाईला आलीय."

"मग मला सांगितलं नाही ते?"

"ती म्हणते, आईंना कशाला त्रास."

"तुला ठाऊक होतं ना माझं नको कसं असतं ते? आयुष्यभर माझ्या हातचं जेवलास."

सलील हसला. "हो, पण आई, मला वाटलं या वेळी खरंच म्हणतेयस."

हा माझाच मुलगा. मुलींच्या कॉलेजाऐवजी याच्यावर थोडं लक्ष द्यायला हवं होतं.


गुरुवार, २६ फेब्रुवारी

दिवसभर फोन हातात घेतला आणि ठेवला. दोनदा लावला. दोन्ही वेळा रोहिणीनं "बोला आई" म्हटलं आणि मी बरुआसागरच्या आल्याबद्दल बोलले. इतकं आलं त्या घरात लागत नाही, हे तिलाही कळलं असेल. "आई, तुम्ही बऱ्या आहात ना?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मला काय झालंय.

मला विनंती लिहिता येत नाही. अर्ज लिहिता येतात, आणि तक्रार फार चांगली लिहिता येते. म्हणून जे येतं ते लिहिलं. खालचं पत्र तिला दुपारी चार वाजता व्हॉट्सॲपवर पाठवलं, नक्कल इथे ठेवते.

चि. सौ. रोहिणी हिस,

रविवार, दिनांक १ रोजी सकाळी नऊच्या सुमारास तू मला भोपाळला कायमचं येण्याबद्दल एकदा विचारलंस. मी नको म्हटलं. ते उत्तर समजून कामकाज पुढे नेण्यात आलं, याबद्दल ही तक्रार आहे.

आमच्या घरात पहिलं नको म्हणजे प्रश्न पोचल्याची पोच असते. दुसरं नको म्हणजे विचार चालू आहे. उत्तर त्यानंतर येतं. तुझ्या माहेरी पद्धत वेगळी आहे, तेव्हा तुला दोष नाही. सलीलला सगळं ठाऊक आहे, त्याचं मी स्वतंत्र बघेन.

परत विचारून मला त्रास होईल असं तुला वाटलं. न विचारल्यानं झाला. तुझं ऑफिस मार्चपासून रोजचं आहे हे मला मुलाकडून कळावं, ही वेगळी तक्रार समजावी. माझे हातपाय शाबूत आहेत. मला पोळ्या येतात, घराला कुलूप लावता येतं, आणि लिफ्ट बंद असेल तर तळमजला चालतो.

तरी तो प्रश्न मला पुन्हा विचारण्यात यावा. फोनवर विचारू नये. फोनवर माझं तोंड माझ्याआधी बोलतं. मी कदाचित पुन्हा नको लिहीन. ते ग्राह्य धरू नये, लगेच तिसऱ्यांदा विचारावं.

शनिवारी अकराला सही आहे. तेव्हा तुझं उत्तर मला लेखी हवं, उद्या, शुक्रवार, दिनांक २७ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत.

तुझी,
आई